तुम्ही विचारलंत म्हणून : ही जुनी एमजी कशाला सांभाळता?

"जुनी स्पोर्ट्स कार परवडते का हो? रस्त्यात बंद पडत नाही का?" मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्याकडे एमजी या ब्रिटिश कंपनीची 1972 सालची एमजीबी ही स्पोर्ट्स कार आहे हे कळलं, की पुढचा प्रश्न हाच. पुण्या-साताऱ्याहून आलेले नातेवाईक विचारतात, इथल्या महाराष्ट्र मंडळातले मित्र विचारतात. अलीकडे तर स्वतःच अशी गाडी घ्यायच्या विचारात असलेली तरुण मंडळीही विचारतात. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

बंद पडते, पण क्वचित. पडली तरी बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेलाच पुन्हा चालू करता येते. पैसे लागतात, पण तुम्ही समजता त्या ठिकाणी नाही. लोक इंजिनाला घाबरतात. घाबरायचं ते पत्र्याला.

एमजीबी 1962 साली आली आणि 1980 च्या ऑक्टोबरपर्यंत बनत राहिली. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला ॲबिंग्डन नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात. मी राहतो तिथून ते जवळच आहे. छत दुमडणारी रोडस्टर आणि मागे काचेचं दार असलेली जीटी मिळून पाच लाखांवर गाड्या निघाल्या. 1798 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर, सुमारे 95 हॉर्सपॉवर. आजची साधी घरगुती गाडीही सिग्नलला हिला मागे टाकेल. वेगासाठी कुणी एमजीबी घेऊ नये, हे मी प्रत्येकाला आधीच सांगतो.

हे इंजिन मला परकं वाटलं नाही, त्याला कारण आहे. साताऱ्यात माझ्या वडिलांची अँबॅसडर टॅक्सी होती. ते इकडे आमच्याकडे राहायला आले तेव्हा मी एमजीचं बॉनेट उघडून दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून ते वाकले, टॅपेट कव्हरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अरे, हे तर आपलंच इंजिन!" अगदी बरोबर बोलले. अँबॅसडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, ॲबिंग्डनपासून काही मैलांवर काउली इथे बनणारी. तिच्यात बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) कंपनीचं 'बी सीरिज' जातीचं 1489 सीसी इंजिन होतं. एमजीबीत त्याच जातीचं, मोठ्या बोअरचं, म्हणजे जास्त रुंद सिलिंडरचं इंजिन आहे. ज्या घरातल्या इंजिनानं पसरणीचा घाट चढून पाचगणीला लोकांना पोचवलं, त्याच घरातल्या इंजिनानं इंग्लंडमधली रेसिंगची हौस भागवली. हे कळल्यावर या गाडीवरचा माझा जीव आणखी वाढला.

टॅपेट सेट करायला, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायला, मी वडिलांकडूनच शिकलो. आठ व्हॉल्व्ह असतात आणि हिशेब नऊचा. आठव्या नंबरचा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असला, की पहिला तपासायचा. सहावा दाबलेला, तर तिसरा. दोन्हींची बेरीज नऊ आली पाहिजे. स्पार्क प्लग काढून ठेवायचे म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हळूहळू पुढे ढकलली तरी चालतं. मग थंड इंजिनावर 15 थाऊची (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सरकवायची. ती अडकता कामा नये आणि सैलही जाता कामा नये. ओढताना हाताला किंचित विरोध जाणवला पाहिजे. स्क्रू एका हाताने धरून दुसऱ्या हाताने लॉकनट आवळला, की गॅप पुन्हा थोडा बदलतो, म्हणून परत तपासायचं. वडील प्रत्येक व्हॉल्व्ह दोनदा तपासत. मीही तसंच करतो. काम संपवून सेल्फ मारला आणि टॅपेटचा तो एकसारखा, हलका टकटक आवाज आला, की मला जे समाधान मिळतं ते दुसऱ्या कुठल्या कामात मिळत नाही. "एवढा खर्च करून मिळतं काय?" असं जे विचारतात, त्यांच्यासाठी माझं पहिलं उत्तर हे आहे. माझी गाडी मला कळते. लॅपटॉप न लावता, कुणाला फोन न करता, कानाने आणि हाताने कळते.

आता पत्र्याकडे येऊ. खरी डोकेदुखी तिथे आहे आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

एमजीबीच्या आधीच्या एमजीए या मॉडेलला वेगळी चासी (खालचा सांगाडा) होती. एमजीबीला ती नाही, बॉडी हीच चासी. रोडस्टरला तर वरून छपराचाही आधार नाही. त्यामुळे गाडीचं सगळं बळ दारांखालच्या दोन लांब पोकळ खोक्यांत येतं. त्यांना सिल म्हणतात. जुन्या वाड्यात तुळईचं जे काम, ते या गाडीत सिलचं. बाहेरून दिसतो तो एक पत्रा. आत एक उभा पडद्यासारखा पत्रा असतो, आणि त्याच्या खाली कासल रेल नावाची दुमडलेली पट्टी. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ते खारं पाणी या पोकळीत शिरतं, तिथेच मुरतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरच्या रंगावर एक बारीक फोड दिसते तोवर आतली पट्टी सडून गेलेली असू शकते.

यावर स्वस्तातला इलाज म्हणजे सडलेल्या सिलवरच नवा पत्रा चढवून वेल्डिंग मारायचं, वर लांबी (पुट्टी) भरायची, घासायचं आणि चकाचक रंग द्यायचा. दिसायला गाडी नवी. आत मात्र गंजावर झाकण. अशा गाड्या बाजारात खूप आहेत. मला त्यांचा राग येतो, कारण त्या विकत घेणाऱ्याची फसवणूक तर होतेच, शिवाय अपघातात माणसाचा जीव धोक्यात येतो.

माझ्या गाडीचे सिल नीट बदलायचं ठरवलं तेव्हा काम किती मोठं आहे ते जवळून पाहिलं. कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडव्या-तिरक्या लोखंडी पट्ट्या वेल्ड करून बॉडी बांधून घ्यावी लागते, नाहीतर सिल निघाले की गाडी मधोमध खचते आणि मग दारं कधीच धड बसत नाहीत. मग बाहेरचा पत्रा, आतला पडदा, कासल रेल, जॅक लावायची जागा, सगळं एकेक करून कापायचं, मापं घ्यायची, नवं बसवायचं, दार लावून फट बघायची, मग वेल्डिंग. पुन्हा दार लावून बघायचं. सुट्या भागांची किंमत त्या मानाने किरकोळ. पैसा जातो तो कारागिराच्या तासांत, आणि तो जायलाच हवा. ज्यानं हे काम केलं त्याचा हात इतका सफाईदार होता, की वेल्ड घासल्यावर जोड कुठे आहे ते बोटालाही लागत नव्हतं. शेवटी पोकळीत पातळ मेण फवारून घेतलं. ते मी दर शरद ऋतूत पुन्हा करतो, आणि रस्त्यावर मीठ पडलं की गाडी बाहेर काढत नाही.

एक गोष्ट मात्र एमजीबीवाल्यांचं नशीब म्हणावी अशी. या गाडीचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा मिळतो. 1988 पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था जुन्या मूळ साच्यांवर आख्खी बॉडी नव्याने बनवते. दुसऱ्या बऱ्याच जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांना विचारा, एका साध्या काचेसाठी किंवा लाइटसाठी किती महिने वाट बघावी लागते ते.

नव्या भागांचा दर्जा मात्र सगळीकडे सारखा नाही. स्पार्क प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्यूटर जुन्या पद्धतीचा, पॉइंट आणि कंडेन्सरवाला असेल, तर आज मिळणारा कंडेन्सर कधी दगा देईल सांगता येत नाही. चालती गाडी अचानक फटफटायला लागते आणि बंद पडते. मी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतलं आणि जुने पॉइंट डिक्कीत ठेवले. शुद्धतावाद्यांना हे आवडत नाही. मला मात्र मोटारवेच्या कडेला उभं राहणं आवडत नाही. वायरिंगला लोक नावं ठेवतात, पण बहुतेक बिघाड खराब अर्थिंगचे असतात. जोड काढून कानशीने घासले, थोडं ग्रीस लावलं, की लाइट झळझळीत लागतात. पेट्रोलचा पंप मागच्या बाजूला असतो. चावी फिरवली की तो टक-टक-टक असा वाजतो आणि कार्ब्युरेटर भरले की थांबतो. मी सेल्फ मारायच्या आधी तो थांबायची वाट बघतो. तो वाजलाच नाही, तर त्याचे पॉइंट चिकटलेत, हलका टोला दिला की सुटतात. आणि तो थांबलाच नाही, तर पेट्रोल कुठेतरी गळतंय. खाली वाकून बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

पेट्रोलचंही लक्ष ठेवावं लागतं. 2021 च्या सप्टेंबरपासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुने रबरी पाइप त्याने मऊ पडून चिरतात. मी सगळे पाइप बदलून घेतले, तरी महागडं ई5 (5 टक्क्यांपर्यंतच इथेनॉल असलेलं) पेट्रोलच भरतो. पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनला प्रत्येकी तीन ग्रीस निपल असतात. ग्रीस गन घेऊन गाडीखाली शिरायला कंटाळा करणाऱ्याचं स्टिअरिंग जड होतं आणि मग ते काम महागात पडतं.

सरकारचा मात्र जाच नाही. 40 वर्षांवरच्या गाडीला ब्रिटनमध्ये रोड टॅक्स शून्य. मे 2018 पासून, गाडीत मोठे बदल केलेले नसतील तर गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का हे बघणारी दर वर्षीची एमओटी तपासणीही सक्तीची राहिलेली नाही. मी ती तरीही करून घेतो. आपण स्वतः कितीही बघितलं तरी ब्रेकचे पाइप आणि सस्पेन्शन त्रयस्थाच्या नजरेखालून गेलेलं बरं. विमाही ठराविक मैलांचा घेतला तर बराच स्वस्त पडतो. फक्त गाडीची किंमत कंपनीशी आधी लेखी ठरवून घ्या.

आता चालवण्याबद्दल. वाँटेज या गावाहून पश्चिमेला जाणारा बी4507 हा रस्ता टेकड्यांच्या पायथ्यापायथ्याने जातो. डावीकडे हिरवे उतार, उजवीकडे खाली दरीसारखा पसरलेला सखल प्रदेश, आणि पुढे अफिंग्टनच्या टेकडीवर खडूच्या मातीत कोरलेला तो प्राचीन पांढरा घोडा. छत खाली घेऊन मे महिन्याच्या सकाळी या रस्त्याला लागलं, की ताशी 45-50 मैलांतही खूप काही घडत असतं. सीट जमिनीच्या इतकी जवळ, की कुंपणाच्या झाडांचा वास थेट नाकात येतो. स्टिअरिंगला पॉवर नाही, त्यामुळे रस्त्याचा प्रत्येक उंचसखलपणा तळहाताला कळतो. माझ्या गाडीच्या ब्रेकला सर्वोही (पायाचा जोर वाढवणारी यंत्रणा) नाही. पाय जोरात लागतो, पण किती दाबला तर किती थांबेल याचा अंदाज पक्का बसतो. गिअरचा दांडा आखूड, मनगटाच्या एका हिसक्यात पडतो. मोकळा रस्ता आला, की ओव्हरड्राइव्हचा, म्हणजे वरच्या जादा गिअरचा खटका दाबायचा. क्लच न दाबताच इंजिनाचा आवाज एकदम खाली येतो आणि गाडी मोकळा श्वास घेते. माझी बायको शेजारी बसलेली असते. नव्या गाडीत ती फोन बघते. हिच्यात ती रस्ता बघते, मधूनच "ती बघ घार" म्हणून आकाशात बोट दाखवते. वेगाच्या मर्यादेत राहून एवढा आनंद देणारी गाडी मला दुसरी माहीत नाही.

"मग साताऱ्याला का घेऊन जात नाहीस?" असं मामा दर वेळी विचारतात. भारतात 2021 साली आलेल्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, 'व्हीए' अक्षरांची पाटी मिळते, पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती अशा कारणांसाठीच बाहेर काढता येते. मला ती मनात येईल तेव्हा, भाजी आणायलासुद्धा, काढायची असते. आणि चालवली नाही तर ही गाडी बिघडते. रबरी सील सुकतात, ब्रेक चिकटतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. कव्हर घालून ठेवलेल्या एमजीला जितकं काम निघतं तितकं चालत्या एमजीला निघत नाही.

घ्यायची असेल तर माझं एवढं ऐका. रंग आणि क्रोमची चमक बघून भाळू नका, इंजिनाच्या आवाजावरही फार जाऊ नका. खिशात मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक न्या आणि सिलवर, मागच्या चाकांच्या कमानींवर, पुढच्या मडगार्डच्या खालच्या कडेला लावून बघा. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. मग मालकाच्या परवानगीने एका बाजूला जॅक लावा आणि दार उघडून-मिटून बघा. दाराची फट बदलली किंवा दार घासायला लागलं, तर सिल गेले. आणि मालक म्हणाला की सिल बदललेत, तर काम चालू असतानाचे, आतल्या पत्र्याचे फोटो मागा. फोटो नसतील तर आभार मानून दुसरी गाडी बघायला जा. एमजीबी भरपूर बनल्यात, चांगली मिळते.