मु. पो. जनपथ, नवी दिल्ली

दिल्ली-आग्रा-मथुरा सहलीच्या कार्यक्रमात राष्ट्रीय संग्रहालयाच्या वाट्याला येतो तो उरलेला वेळ. कुतुबमिनार झाला, इंडिया गेटपाशी फोटो झाले, बाजारात जायला अजून अवकाश आहे, तेवढ्यात बस जनपथावर उभी राहते आणि मॅनेजर सांगतो, "पाऊण तास हं! सगळ्यांनी खाली इथंच जमायचं." सोमवार असेल तर तेवढंही नाही, कारण त्या दिवशी संग्रहालय बंद. मंडळी उतरतात, तिकीट काढतात, पाण्याची बाटली पिशवीत ठेवावी की हातात यावर थोडा खल होतो. मग आत शिरल्यावर पाच मिनिटांत कुणीतरी पहिल्याच दिसलेल्या पहारेकऱ्याला विचारतं, "भैया, इधर महाराज का कुछ है क्या?"

कुठले महाराज, हे सांगायची आपल्याला गरज वाटत नाही. समोरचा हरियाणाचा असला तरी वाटत नाही.

मला या प्रश्नाचं हसू येत नाही. पाच हजार वर्षांचा इतिहास एकदम अंगावर आला की माणूस आधी ओळखीचं कोणी आहे का ते बघणारच. आणि उत्तर शोधायला गेलं तर गंमत अशी की, सध्या ते दिल्लीत नाहीच, महाराष्ट्रात आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ साली साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये लंडनच्याच लिलावात निघाली, ती महाराष्ट्र सरकारने रीतसर पैसे मोजून सोडवून आणली. एक उसनी, एक विकत. या दोन बातम्या वाचल्यापासून मला एक खोड लागली आहे. संग्रहालयातली वस्तू खरी आहे का आणि किती जुनी आहे, हे लोक विचारतातच. मी विचारतो, बाई, तू इथं आलीस कशी?

राजधानीतल्या संग्रहालयात हा प्रश्न जरा जास्तच लागू पडतो. गावातलं संग्रहालय गावातल्याच वस्तूंचं असतं. राजधानीतल्या संग्रहालयात सगळेच बाहेरगावचे. दिल्लीतल्या माणसांसारखंच. प्रवेशद्वाराजवळ अशोकाचा गिरनारचा शिलालेख आहे, आणि त्याच्यापाशीही "ओरिजिनल आहे का?" चाललेलं असतं. नाही, ती प्रतिकृती. मूळ खडक जुनागढला, गिरनारच्या पायथ्याशी, जिथं होता तिथंच आहे. न हलणाऱ्यांनी नक्कल पाठवली, हलण्यासारखे होते ते स्वतः आले.

खुद्द इमारतीचाही एक बाहेरगावचा धागा आहे. तिचे वास्तुविशारद गणेश भिकाजी देवळालीकर. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे हे पहिले भारतीय प्रमुख. सर्वोच्च न्यायालयाची इमारतही त्यांचीच. संग्रहालयाची पायाभरणी नेहरूंनी १९५५ मध्ये केली आणि १९६० च्या डिसेंबरात ते इथं सुरू झालं. गोल इमारत, मधोमध उघडं अंगण, भोवती दालनं. चालत राहिलं की आपण निघालो तिथंच परत येतो, आणि मधलं एखादं शतक चुकलं तरी पत्ता लागत नाही. महाराजांचं विचारणाऱ्यांना देवळालीकर हे आडनाव सांगितलं तर अर्धं समाधान नक्की होईल.

पण संग्रहालय काही या इमारतीत जन्मलेलं नाही. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनला रॉयल अकॅडमीच्या बर्लिंग्टन हाऊसमध्ये भारतीय उपखंडातल्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्यासाठी देशभरातल्या संग्रहालयांनी आपापल्या मूर्ती, चित्रं, नाणी उसनी दिली होती. पेट्या भरायचं ठरलं तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं, आणि पेट्या परत आल्या त्या स्वतंत्र देशात. आता आल्याच आहेत तर दिल्लीकरांनाही बघू द्या, म्हणून आज आपण राष्ट्रपती भवन म्हणतो त्या वास्तूत त्या मांडल्या. बघणाऱ्यांना आवडल्या. मग असं वाटू लागलं की हे सगळं पुन्हा कशाला विखरायचं? १५ ऑगस्ट १९४९ ला त्याच वास्तूत राष्ट्रीय संग्रहालयाचं उद्घाटन झालं, गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते. म्हणजे आपल्या राष्ट्रीय संग्रहालयाची सुरुवात परत न गेलेल्या उसन्या वस्तूंतून झाली. ज्यांच्या होत्या त्या संग्रहालयांना हे सगळंच रुचलं असं नाही. काहींनी आपल्या वस्तू मागून परत नेल्या. बिहारमधल्या रामपूरव्याचा अशोककालीन दगडी बैल मात्र प्रदर्शनासाठी कोलकात्याहून आला तो राष्ट्रपती भवनातच राहिला. आजही दर्शनी खांबांमध्ये उभा आहे.

हडप्पा दालनात गर्दी एका छोट्या काचेभोवती असते. तिथं नर्तकी. सगळ्यांनी ती शाळेच्या पुस्तकात पाहिलेली असते, पानभर मोठी, त्यामुळे समोर आल्यावर पहिला शब्द "एवढीशी?" असाच निघतो. उंची साडेदहा सेंटिमीटर. शाईच्या पेनाहून बुटकी. कमरेवर हात ठेवून, हनुवटी वर करून अशी उभी आहे की बघणाराच जरा सावरून उभा राहतो. मी तिथं होतो तेव्हा शेजारी मराठी बायकांचा एक घोळका होता. त्यांनी ना तिचं वय विचारलं ना धातू.

"वहिनी, डावा हात बघा. दंडापर्यंत बांगड्या. पंचवीसेक तरी असतील."

"आणि उजव्यात चारच?"

"कामाचा हात असेल तो. मोकळा नको का?"

पुरातत्त्वाच्या पुस्तकांत या बांगड्या मोजलेल्या आहेत, पण हा खुलासा मी कुठं वाचलेला नाही, आणि तो ऐकल्यापासून दुसरा कुठला पटतही नाही.

ती १९२६ मध्ये मोहेंजोदडोला सापडली. मोहेंजोदडो आज पाकिस्तानात, सिंधमध्ये. फाळणीत खुर्च्या-टेबलं, फायली, रेल्वेचे डबे वाटले गेले तसे उत्खननात निघालेले जिन्नसही वाटले गेले. नर्तकी भारताकडे आली. तिनपानी नक्षीची शाल खांद्यावर घेतलेला, दाढीवाला तो प्रसिद्ध 'पुरोहित राजा' कराचीच्या संग्रहालयात आहे. इथवर ठीक, एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे. पण एका हाराचंही तसंच झालं. सोन्याचे आणि रंगीत दगडांचे मणी ओवलेला चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचा हार, कुणीतरी भांड्यात घालून पुरून ठेवलेला. तो मधोमध तोडला आणि मणी दोन्ही देशांत वाटून घेतले. दिल्लीतल्या दागिन्यांच्या दालनात आहे तो आपला अर्धा.

आमच्या आजोळी वाटण्या झाल्या तेव्हा पाटा थोरल्याकडे गेला आणि वरवंटा धाकट्याकडे. पुढं कितीतरी वर्षं दोन्ही घरांत चटणी मिक्सरमध्येच होत होती, पण पाटा-वरवंटा परत एकत्र आणायचं नाव कुणी काढलं नाही. हाराची हकीकत कळल्यावर मला त्या वाटपाला बसलेल्या अधिकाऱ्यांचं नवल वाटतं. सुशिक्षित माणसं, हाताशी याद्या, समोर कापड अंथरलेलं, आणि कुणीतरी मणी मोजतं आहे. एक तुम्हांला, एक आम्हांला. हार अख्खा त्यांना द्या आणि दुसरा एखादा दागिना अख्खा आम्ही घेतो, असं म्हणण्याइतकाही विश्वास त्या वर्षी शिल्लक नव्हता, हे त्या मण्यांकडे बघून जितकं कळतं तितकं मला तरी फाळणीवर वाचूनही कळलं नव्हतं.

बुद्धाच्या अस्थींपाशी आणखी वेगळं. पिप्रहवा हे उत्तर प्रदेशातलं, नेपाळच्या सीमेजवळचं ठिकाण. तिथल्या स्तूपात १९७० च्या दशकातल्या उत्खननात अस्थींचे करंडक सापडले. त्या अस्थी इथं थायलंडहून भेट आलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या लाकडी मंडपात ठेवलेल्या मी पाहिल्या. तिथं परदेशातून आलेली काही मंडळी फरशीवर गुडघे टेकून बसली होती. त्यांच्यासाठी ती वस्तू कुठल्या शतकातली वगैरे नव्हतीच. शेजारून शाळेची रांग एकमेकांच्या दप्तराला धरून खुसखुसत जात होती, ती आपोआप गप्प झाली आणि पुढच्या दालनात पुन्हा सुरू झाली.

संशोधक-प्रवासी ऑरेल स्टाइनने मध्य आशियाच्या वाळवंटांतून आणलेली चित्रं आणि रेशमी पट, मेक्सिको-पेरूकडची मातीची भांडी, शरन रानी या सरोदवादक बाईंनी आयुष्यभर जमवून देऊन टाकलेली वाद्यं, नाण्यांचं लांबच लांब दालन, हे सगळं बघायचं तर वेगळा दिवस हवा. नाण्यांपाशी तर पाय आधीच बोलायला लागलेले असतात.

माझी बैठक मात्र एका ठेंगण्या गृहस्थापाशी. दगडी यक्ष. पोट सुटलेलं, गाल वर आलेले, दात दाखवून हसणारा, आणि डोक्यावर दोन्ही हातांनी धरलेलं पसरट भांडं. खाली गाव लिहिलेलं, पितळखोरा. आपलं पितळखोरा! कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरात, गौताळ्याच्या जंगलालगत. वेरूळ-अजिंठ्याला लाखो लोक जातात. पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे पायऱ्या उतरून जाणारे थोडे, आणि त्यांनाही बरंचसं पडझड झालेलंच दिसतं, कारण तिथला खडकच ठिसूळ. १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी तिथला ढिगारा उपसला तेव्हा काही मूर्ती हाती आल्या, त्यांत हा.

याच्या हातावर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत. कान्हदास नावाच्या सोनाराने हा केला, असं त्यांत म्हटलं आहे. इसवी सनापूर्वीच्या काळातला कारागीर, आणि त्याने नाव सांगून ठेवलं. आपल्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं जागोजागी आहेत, अमक्या व्यापाऱ्याने टाकं दिलं, तमक्या भिक्षुणीने खांब दिला. घडवणाऱ्याचं नाव क्वचित. आणि हा मूळचा दगडाचा माणूसही नाही, सोनार. हे एकदा कळलं की यक्षाच्या गळ्यातल्या आणि कानांतल्या दागिन्यांकडे वेगळ्या नजरेने बघितलं जातं. दगड असला म्हणून काय झालं, दागिना कसा बसतो हे त्याला माहीत होतं. पोटाचा घेर ढोबळ चालेल, पण गळ्यातला अलंकार नीट हवा.

मी तिथं उभा असताना सहलीच्या बसमधले एक आजोबा शेजारी येऊन थांबले. चष्मा वर करून त्यांनी पाटी वाचली.

"पितळखोरा म्हणजे चाळीसगावाजवळचं का हो?"

"त्याच बाजूचं. कन्नडचा घाट उतरला की चाळीसगाव."

"मग हा इथं काय करतोय?"

हाच तो प्रश्न! मी देशपांडे, उत्खनन, पुरातत्त्व खातं असं सांगत गेलो. आजोबांनी ऐकून घेतलं, यक्षाकडे पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाले, "खूश दिसतोय पण." मग खिशातून मोबाइल काढून त्यांनी कुणाला तरी फोन लावला आणि आपल्याकडचा एक इथं भेटला म्हणून मोठ्याने सांगायला सुरुवात केली. पहारेकरी त्यांच्याकडे यायला निघाला, पण वाटेत थांबला.

कुठलंही संग्रहालय घ्या, पाटीवर गाव असतं, शतक असतं, दगड की धातू ते असतं. कुणी खणली, कुणी दिली, कुणी विकत घेतली, कुणाची उसनी आणून ठेवून घेतली, हे पाटीवर सहसा नसतं. ते कुठल्याशा नोंदवहीत असतं, आणि नोंदवही कपाटात. एक ओळ वाढवायला काय हरकत आहे? अर्ध्या हाराखाली 'उरलेला अर्धा पाकिस्तानात' एवढं लिहिलं तर बघणारा अर्धा मिनिट जास्त थांबेल.

आता तर सगळ्या पाट्या नव्याने लिहायची संधीच येणार आहे. रायसीना टेकडीवरच्या नॉर्थ ब्लॉक आणि साउथ ब्लॉकमध्ये 'युगे युगीन भारत' या नावाचं प्रचंड मोठं संग्रहालय करायचं २०२३ मध्ये जाहीर झालं, आणि जनपथावरचं बिऱ्हाड तिकडं हलवायचं ठरलं आहे. दोन लाखांवर वस्तू. नर्तकीला कापसात गुंडाळावं लागेल, मणी पुन्हा मोजावे लागतील, आणि आमचा यक्ष डोक्यावरच्या भांड्यासकट पेटीत बसेल. गंमत म्हणजे जायचं आहे ते राष्ट्रपती भवनाच्या अगदी दारात, १९४९ साली जिथं संसार मांडला होता तिथून हाकेच्या अंतरावर. रामपूरव्याचा बैल मात्र तेव्हापासून तिथंच आहे. त्याला काहीच आवरायचं नाही.