बाईंनी खोडलेला मुद्दा

३ ऑक्टोबर २००५ रोजी तुर्कस्तानशी युरोपीय संघाच्या सदस्यत्वाची बोलणी सुरू झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर बाईंनी नववीच्या वादविवादाला तोच विषय दिला : तुर्कस्तानला संघात घ्यावं का? मी विरोधी बाजूला होतो.

माझा पहिला मुद्दा धर्माचा. जवळपास सात कोटी वस्तीचा मुस्लिमबहुल देश ख्रिस्ती युरोपात मावणार कसा, असं आवेशात लिहून नेलं. बाईंनी लाल शाईने आडवी रेघ मारली. १९९३ साली कोपनहेगनला ठरलेल्या सदस्यत्वाच्या अटी पुढे ठेवल्या : लोकशाही, कायद्याचं राज्य, मानवी हक्क, अल्पसंख्याकांचं रक्षण, खुली बाजारपेठ. ‘यात धर्म कुठे आहे, दाखव. विरोध कर, पण त्या देशाला ज्यात सुधारणा करता येईल अशा गोष्टीवरून कर.’

अनुकूल बाजूने बोलणारी माझी मैत्रीण मुसलमान होती. तिच्यासमोर मी ते वाचणार होतो, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. आजही त्याची लाज वाटते.

मग मी सायप्रस धरलं. १९७४ पासून बेटाच्या उत्तरेत तुर्की सैन्य आहे, आणि २००४ मध्ये सदस्य झालेल्या सायप्रसला तुर्कस्तान मान्यताच देत नाही. ज्या घरातल्या माणसाला ओळखच द्यायची नाही, त्या घरात राहायला कसं जाणार? टाळ्या पडल्या.

ती उठली. एप्रिल २००४ च्या सार्वमतात दुभंगलेलं बेट पुन्हा एक करायला तुर्की सायप्रसवासीयांनी होकार दिला, ग्रीक सायप्रसवासीयांनी नकार. आठवड्याभरात संघाचं दार उघडलं ते नकार देणाऱ्यांना! तुर्कस्तानने तर फाशीची शिक्षासुद्धा रद्द केली. ‘१९६३ च्या सहकार्य करारापासून, ज्यात पुढे सदस्यत्वाची आशा दाखवली होती, उंबऱ्यावर उभं केलंय, अजून किती वर्षं?’ मला उत्तर सुचलं नाही. बक्षीस तिला मिळालं, ते योग्यच होतं.

पुढे बोलणी विषयवार ३५ प्रकरणांत विभागलेली होती, त्यांपैकी १६ उघडली, तात्पुरतं मिटलं फक्त एक, विज्ञान-संशोधनाचं. २०१६ च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर तिथे पत्रकार, न्यायाधीश तुरुंगात गेले. कोपनहेगनच्या अटीच मोडल्या. पण त्याच्या कितीतरी आधी युरोपातल्या काही पुढाऱ्यांनी धर्म आणि संस्कृतीवरून नकार सुनावला होता. त्याने तिथल्या सुधारणावाद्यांचेच हात दुबळे झाले, असं मला ठामपणे वाटतं.

२०१८ मध्ये बोलणी ठप्प झाल्याचं संघानेच म्हटलं, तेव्हा मी तिला फोन केला. बोलता बोलता त्या खोडलेल्या परिच्छेदाबद्दल पहिल्यांदाच सांगितलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘माहितीये. बाईंच्या टेबलावर तेव्हाच वाचला होता.’