सरासरी ४.६
आमच्या नर्सिंग कॉलेजातून पास होऊन नोकरीला लागलेल्या मुलींबद्दल रुग्णालयांचा अभिप्राय गोळा करायचं काम माझ्याकडे आहे. या खेपेला ४० फॉर्म पाठवले, ११ परत आले. सरासरी ५ पैकी ४.६. प्राचार्य खूश! मी मात्र फॉर्म पुन्हा चाळत बसले.

सात फॉर्मवर सही एचआरची. मुलगी वेळेवर येते का, रजा किती घेते, हे एचआरला ठाऊक असतं. सलाईन लावताना तिचा हात कसा चालतो ते पाहते वॉर्डची इन-चार्ज सिस्टर, आणि तिच्यापर्यंत फॉर्म पोचतच नाही. पाकिटावर ऑफिसचा पत्ता आम्हीच घातलेला. त्या सातांपैकी पाचांत वरपासून खालपर्यंत ५ च्या रकान्यात टिकांची सरळ रांग. ‘पाहण्यात आलं नाही’ असा रकानाच नव्हता, मग न पाहिलेल्या कामालाही गुण पडणारच.

उरलेले चार फॉर्म सिस्टरांचे. त्यांतल्या एकींना फोन केला.

‘‘मॅडम, हिशेब पक्का आहे पोरींचा. ५०० मिली चार तासांत, मिलीला २० थेंब पाडणारा सेट, म्हणजे मिनिटाला ४२ थेंब, तोंडी सांगतात. पण पेशंटचा श्वास वाढलेला दिसला तरी डॉक्टरांना फोन करायला माझी वाट बघतात.’’

त्यांच्याच फॉर्मवर ‘संवाद व नेतृत्व’ला ५ होते. विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘नातेवाइकांशी छान बोलतात ना!’’

एका प्रश्नात दोन गोष्टी कोंबल्या, वर संवाद कोणाशी ते लिहिलंच नाही. आता प्रश्न असा केलाय: रुग्ण बिघडतोय हे तिने गेल्या महिन्यात स्वतःहून डॉक्टरांना कळवलं का? कळवताना आत्ताची स्थिती, आधीची माहिती, स्वतःचा अंदाज आणि काय हवं, यांतलं काय सांगितलं? फॉर्म थेट वॉर्डात, रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी. त्याआधी ती ओरिएंटेशनमध्येच असते. फार उशीर केला तर कॉलेजने काय शिकवलं आणि वॉर्डने काय, हे वेगळं काढता येत नाही. नाव न घालण्याला मात्र फारसा अर्थ नाही. वॉर्डात आमची एकच मुलगी असली की कोणाबद्दल लिहिलंय ते सगळ्यांना कळतं, म्हणून तिची संमती आधी घ्यायची.

अभ्यासक्रम समितीत फोनचं सांगितलं, तर ‘एका सिस्टरचं मत म्हणजे डेटा नव्हे’ असं उत्तर आलं. खरंच आहे. सात एचआरच्या टिका मात्र डेटा ठरल्या.

अहवालात ४.६ पहिल्या पानावर ठळक छापलाय. सिस्टरांचं बोलणं ‘इतर सूचना’मध्ये, अर्ध्या ओळीत.