आमची वाटचाल: गेटपासून स्टेजपर्यंत

कॅमेऱ्याच्या दोन बॉडी, तीन लेन्स आणि उसना फ्लॅश एवढ्यावर आम्ही कार्यक्रमांच्या फोटोंची फर्म काढली. भागीदार फोटो काढायचा, मी हिशेब आणि हमाली बघायचो. कामं मिळणं जड जाईल असं वाटलं होतं, ते जमलं. अडलो गेटवर.

पास आयोजकाचा, सभागृह दुसऱ्याचं, सुरक्षा तिसऱ्याच एजन्सीची. गेटवरच्या कागदावर प्रेक्षकांसाठी एक ओळ: ‘व्यावसायिक कॅमेऱ्यास मनाई’. व्यावसायिक म्हणजे कोणता, हे लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नसतं. बऱ्याच ठिकाणी ‘लेन्स निघते तो’ असा अर्थ लावतात. त्या न्यायानं नवशिक्याचा लेन्स बदलता येणारा स्वस्त डीएसएलआर कॅमेरा बाहेर आणि निकॉनचा 2018 सालचा पी 1000 कॅमेरा आत. त्याचा झूम 125 पट, पण लेन्स निघत नाही ना!

एका ठिकाणी लेन्स 15 सेंटिमीटरपर्यंतच चालणार होती. गेटवरच्या काकांकडे पट्टी नव्हती. त्यांनी खिशातलं बॉलपेन काढून आमच्या 24-70 या झूम लेन्सला लावलं. “पेनाच्या बाहेर जातेय.” भागीदारानं हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची झापड, काढून उलटा बसवला. पुन्हा पेन. “हं, आता बसली.” लांबचं जवळ आणणारी 70-200 हूडशिवायही वीसेक सेंटिमीटर, ती गाडीतच राहिली. त्या दिवशी क्लोजअप नाहीत.

त्याहून महाग पडली एक संगीताची मैफल. अशा कार्यक्रमांत बहुतेकदा पहिली तीनच गाणी टिपू देतात, तीही फ्लॅशविना. पास गळ्यात असूनही गेटवरची हुज्जत दोन गाणी चालली. बिल निम्मं झालं. भागीदार पहारेकऱ्यावर भडकला होता. मला तो राग पटला नाही. त्या माणसाला कुणी काही कळवलेलंच नव्हतं, आणि सोडलं असतं तर नोकरी त्याची गेली असती.

त्यानंतर आम्ही करारातच कलम घातलं. सभागृहाच्या व्यवस्थापकाच्या सहीचं पत्र हवं, सोबत प्रत्येक बॉडी-लेन्सचा सिरीयल नंबर आणि त्या पाळीच्या सुपरवायझरचा फोन. बाहेर पडताना झडती झाली तरी तीच यादी कामी येते. पोचायचं तासभर आधी, पण पाळी बदलायच्या वेळी नाही, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

पुढे मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेले आटोपशीर कॅमेरे घेतले. चित्र चांगलं येतं म्हणून घेतले असं आम्ही गिऱ्हाइकाला सांगतो. खरं म्हणजे छोटी लेन्स लावली की बॅगेकडे कुणी दोनदा बघत नाही.

यादी आता दीड पानाची झालीय. परवा एका तरुण पहारेकऱ्यानं ती बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली, नंबर जुळवले, मान डोलावली. मग कॅमेरा टेकवायचा मोनोपॉड उचलला.

“सर, ही काठी कुठे लिहिलीय?”

लिहिली नव्हती.