दोन ब्राँझ कोरी आणि नळाचं पाणी

"अक्का, हे तळाचा कचरा खातात, वेगळं खायला घालायचं काम नाही," असं सांगून दुकानदारानं दोन ब्राँझ कोरी मासे पिशवीत बांधून दिले. मिशीवाले, बोटाएवढे, गोंडस. बेळगावात वडगावच्या आमच्या घरात अडीच फुटी टाकी आठवड्यापूर्वीच भरली होती. तळाला निळा खडा, कारण तो छान दिसतो.

महिन्याभरात एक गेला. दुसऱ्याच्या मिशा झिजून नुसते खुंट राहिले.

चूक माशांची नव्हती. आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांनी येतं. ते राकसकोप धरणाचं की हिडकल धरणाचं, आम्हाला कोण सांगतंय! आलं की मी हौसेनं अख्खी टाकी रिकामी करायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवायची. पुढं कळलं की माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्याच स्पंजात राहतात. ते नीट वसायला चार-सहा आठवडे लागतात आणि मी दर चार दिवसांनी त्यांना क्लोरीनच्या पाण्यात धुऊन टाकत होते.

मग सगळं उलटं केलं. खडा काढला, बारीक वाळू आणली. पाणी पांढरं येणं थांबेपर्यंत बादलीत धुता धुता कंबर गेली, पण कोरी लगेच वाळूत नाक खुपसून ती गलफड्यांतून गाळायला लागला. त्या मिशांचा उपयोग तेव्हा कळला. हा मासा दक्षिण अमेरिकेतला, कळपानं राहणारा. एकटा असला की कोपरा धरून बसतो. म्हणून आणखी पाच आणले. जाळीत त्यांच्या परांचे काटे अडकतात, म्हणून पिशवीतून वाटीनंच काढले. आता आठवड्याला पाव टाकी पाणी बदलते, तेही क्लोरीनचा उतारा घालून. स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळते. रात्री दिवा मालवल्यावर तळाला बुडणारी गोळी टाकते. कचऱ्यावर कुणाचं पोट भरतं?

सासूबाई एकदा घाबरल्या, "अगं, मासा घुसमटतोय, वर येऊन हवा पितोय!" तो त्याचा स्वभावच, गिळलेल्या हवेतला प्राणवायू तो आतड्यातून घेतो. पण सगळेच सारखे वर यायला लागले, तर पाणी बिघडलंय असं समजायचं. शेजारच्या काकांनी मूठभर मीठ टाकायला सांगितलं होतं. ते मात्र मी ऐकलं नाही, कोरीला मीठ सोसत नाही.

गेल्या जुलैत बेळगावात नेहमीसारखा चार दिवस पाऊस लागला होता. त्यात थोडं थंड पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या काचेला मोत्यांसारखी अंडी! ती आईबापच खातात, म्हणून जुन्या एटीएम कार्डानं खरवडून कुंदा मिठाईच्या रिकाम्या डब्यात घेतली, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन सोडला, बुरशी लागू नये म्हणून मिथिलीन ब्लूचे दोन थेंब. चौथ्या दिवशी केसासारखी पिल्लं हलायला लागली. तिसातली नऊ जगली.

आता इतक्यांना टाकी पुरायची नाही. दुकानदार परत घेतो म्हणतोय, पण त्याच्या टाक्यांत अजून तोच निळा खडा आहे.