मूठभर दाम

‘दाम करी काम’ म्हणताना आपण चक्क ग्रीक बोलत असतो. दाम हा मूळचा द्राख्मा, ग्रीकांचं चांदीचं नाणं. द्राख्मा म्हणजे मूठभर. नाणी यायच्या आधी तिकडे लोखंडी सळयांवर व्यवहार चालत. मांस भाजायच्या असतात ना, तसल्याच. एका मुठीत सहा मावतात म्हणून सहा सळयांचा एक द्राख्मा, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. अर्गोसजवळच्या हेरादेवीच्या देवळात सापडलेल्या अशा सळया अथेन्सच्या नाणेसंग्रहालयात आहेत. सुट्ट्या पैशांनी खिसा जड होतो म्हणून कुरकुरणाऱ्यांनी त्या जरूर पाहाव्यात.

आपल्याकडे हा द्राख्मा वायव्येच्या यवन, म्हणजे ग्रीक, राजांबरोबर आला. त्यांतला मिनँडर म्हणजे बौद्ध ग्रंथांतला मिलिंद. त्याची आणि अपोलोडोटसची नाणी इसवी सनाच्या पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात चालत होती, असं ‘पेरिप्लस’ हे सागरी व्यापाराचं ग्रीक पुस्तक लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने नोंदवलंय. राजे कधीच मातीत गेले होते, पण चांदी खरी असली की राजाला कोण विचारतो!

पुढे संस्कृतात त्याचा द्रम्म झाला, प्राकृतात दम्म, मग दाम. उत्तर कोकणातल्या शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत द्रम्म भेटतो. अकबराच्या काळापर्यंत मात्र त्याची रया गेली होती. अकबराचा दाम तांब्याचा, रुपयाला 40. त्या दामाचा आठवा हिस्सा म्हणजे दमडी! ‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ म्हणणारा किती हलक्या नाण्यासाठी कातडं सोलून घ्यायला तयार होता, ते आता कळतं.

साम-दाम-दंड-भेदातला दाम मात्र घुसखोर. शास्त्रात तिथे ‘दान’ आहे. बदल कुणी केला कोण जाणे, पण झाला ते बरं झालं. नाहीतर लाच देणाऱ्याला दानशूर म्हणायची पाळी आली असती.

खुद्द ग्रीसने 2002 साली द्राख्मा सोडून युरो धरला, एका युरोला 340.75 या दराने. अर्मेनियाने 1993 पासून ‘द्राम’ चालवलाय. अरबांचा दिरहम तर जुनाच. दुबईत नोकरीला असलेला रत्नागिरीकर घरी पैसे पाठवण्याआधी दिरहमचा भाव बघतो. म्हणजे दामाचाच दाम विचारतो, आणि तो चढेल या आशेवर आणखी दोन दिवस थांबतो.