वांग्याच्या वावरात रोटाव्हेटर बंद केला, त्याचा अनुभव

आमचं वावर यावल तालुक्यात. काळी जमीन, भरताची वांगी आणि थोडी मिरची, सगळं सेंद्रिय. आधी दरवर्षी नांगर आणि वरून दोनदा रोटाव्हेटर (ट्रॅक्टरला लावायचं, माती बारीक करणारं फिरत्या पात्यांचं अवजार), माती मैद्यासारखी भुसभुशीत दिसायची, पण पहिल्या जोराच्या पावसात वर पापुद्रा धरायची अन् पाच-सहा इंचांवर कडक थर, वांग्याची मुळं तिथं पोचली की आडवीच पळायची.

विनानांगरणीचे व्हिडिओ भरपूर पाहिले, पण बहुतेक ठिकाणी तणनाशक मारूनच जमतं, भाताच्या सगुणा तंत्रातही (नांगरणीशिवाय गादीवाफ्यावर भात घ्यायची पद्धत) ग्लायफोसेट असतंच. आपल्याला ते चालत नाही, म्हणजे तणाचं काय ते आधी ठरवायला लागतं. मला विचाराल तर सेंद्रिय भाजीपाल्यात नांगर एकदम सोडू नका, कमी करा.

मी काय केलं, लव्हाळा (जमिनीत गाठी धरणारं चिवट तण) होता त्या तुकड्यात मे महिन्यात शेवटची खोल नांगरट केली, आपल्याकडच्या उन्हात उघड्या पडलेल्या गाठी बऱ्यापैकी वाळतात. मग चार फुटी कायमचे गादीवाफे, चालायचं फक्त सरीतून. आच्छादनासाठी ठिबकवर दाट ताग पेरला, फुलं दिसायला लागली की (४५-५० दिवसांत) कापून तिथंच आडवा पाडला. त्यात खुरप्यानं तेवढ्यापुरती जागा मोकळी करून रोपं लावली. शेजारचे आबा बांधावरून म्हणे, "काय भो, वावर पडीत टाकलं का?"

पुढच्या वर्षी आच्छादन म्हणून पऱ्हाट्यांचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) भुगा पसरला. पऱ्हाटी अख्खी टाकू नका, तिच्यावरच्या बोंडात गुलाबी बोंडअळी राहते, श्रेडरमधून (भुगा करायच्या यंत्रातून) काढाच. आणि हा भुगा मातीत मिसळू नका, तो कुजताना जिवाणू नत्र ओढून घेतात, रोपं पिवळी पडतात. मी वरच ठेवला, तरी सुरुवातीला वाढ जरा मंद वाटली म्हणून जिवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आंबवून केलेलं द्रावण) ठिबकमधून सोडत राहिलो.

आता पाऊस वाफ्यातच मुरतो, भेगा कमी, गांडुळं खुरप्याला लागतात. ट्रॅक्टरचा खर्च वाचला पण निंदणीची मजुरी पहिल्या वर्षी वाढलीच, हे कोणी सांगत नाही. लव्हाळा आच्छादन फोडून वर येतोच, हातानं काढायला लागतो. मिरचीच्या तुकड्यात कुंदा (खोल मुळांचं चिवट गवत) आहे, तिथं मात्र नांगर अजून चालूच आहे.